जुनें येणें

हा अंक आपल्या हातीं पडेल तेव्हां तिळाच्या वड्या डब्यांत भरून झाल्या असतील, आणि लहानथोर एकमेकांस 'गोड बोला' असें सांगत असतील. अशा दिवसांत कडू विषय काढणें बरें नव्हे, हें मला समजतें. परंतु गोड बोलण्याच्या आड जें न बोललेलें वर्षानुवर्षें सांचून राहतें, त्याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावे असें मनांत आलें आहे. आरंभ माझ्याच घरापासून करतें.

माझ्या आईच्या दोन पाटल्या होत्या. माहेरच्या, साडेपांच तोळ्यांच्या. १९५८ सालीं धाकट्या काकांच्या शिक्षणाला पैसा कमी पडला, तेव्हां आजोबांनीं त्या मागून घेतल्या आणि सोनाराकडे गहाण ठेविल्या. 'काम झालें कीं सोडवून देऊं,' असें सांगितलें होतें. पुढें व्याज वाढत गेलें, घरांत एकामागून एक कार्यें निघालीं, आणि पाटल्या सुटल्या नाहींत. आईनें भांडण केलें नाहीं. 'मी कधीं एका शब्दानें बोललें नाहीं,' असें ती अभिमानानें सांगे, आणि तें खरेंच होतें. परंतु टपालांत काकांचें पत्र असलें तर तें ती सर्वांच्या शेवटीं वाची. काका जेवावयास बसले कीं वाढणें यथास्थित होई, आग्रह तेवढा होत नसे. काकांकडे आपलें कांहीं तरी येणें आहे, हें आम्हां मुलांना कोणीं न सांगतां ठाऊक झालें होतें.

काका मोठ्या नोकरीवरून निवृत्त झाले, त्या वर्षीं दिवाळींत ते व काकू आमच्याकडे आले. फराळ झाल्यावर त्यांनीं एक मखमली डबी आईपुढें ठेविली. आंत पाटल्या होत्या. तितक्याच वजनाच्या, नव्या घडणीच्या. 'वहिनी, फार उशीर झाला,' एवढेंच काका म्हणाले. आईनें डबी उघडून पाहिली, मिटली, आणि परत त्यांच्याकडे सरकविली. 'भाऊजी, त्या ह्या नव्हेत,' ती म्हणाली. काकूंच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. मला त्या वेळीं आईचा अभिमान वाटला होता.

शेवटचीं तीन वर्षें आई माझ्याकडे होती. तिची स्मृति गेली होती. आधीं नातवंडांचीं नांवें गेलीं, मग माझें गेलें. जेवण झालें कीं व्हावयाचें आहे, हेंही तिला आठवेना. परंतु कोणीं तिचा हात हातांत घेतला कीं ती मनगटाकडे पाही आणि म्हणे, 'साडेपांच तोळे होत्या.' दोन मुलें वाढविलेली, चार सुनामुलींचीं बाळंतपणें काढलेली, पन्नास माणसांच्या पंगती एकटीनें उठविलेली ती बाई. आणि तिच्यापाशीं शेवटीं उरलें तें एक वजन! तेव्हांपासून हा विषय माझ्या मनांतून हललेला नाहीं.

आईवर अन्याय झाला नव्हता असें मी म्हणत नाहीं. झाला होता, आणि तो लहान नव्हता. परंतु दुःख निराळें आणि दुःखाचा हिशेब निराळा. दुःख काळानें निवतें; हिशेब मात्र जितका उघडून पाहावा तितका ताजा राहतो.

व्यवहारी माणसांनीं या गोष्टीची सोय करून ठेविली आहे. जें येणें वसूल होण्याची आशा उरली नाहीं, तें व्यापारी बुडीत खात्यांत टाकतो आणि दुकान पुढें चालवितो. कायद्यानेंही येण्याला आयुष्य ठरवून दिलें आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें उसने दिलेल्या पैशासाठीं सामान्यतः ३ वर्षांच्या आंत दावा लावावा लागतो. पुढें कोर्ट तो ऐकत नाहीं. मात्र मुदत संपण्यापूर्वीं ऋणकोनें सही करून लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून मुदत पुन्हां नव्यानें मोजली जाते. मनाच्या कोर्टांतला प्रकार याहून विचित्र आहे. तेथें कबुलीवर सही करतो तो धनकोच! समोरच्या माणसाला पत्ताही नसतो. आपणच पोळ्या लाटतांना, गाडीची वाट पाहतांना, रात्रीं दिवा मालविल्यावर, तो प्रसंग पहिल्यापासून उगाळतों आणि मुदत वाढवून घेतों. म्हणून तीस वर्षांपूर्वींचा शब्द कालच कानीं पडल्यासारखा बोंचतो.

आणखी एक गोष्ट आईच्या उदाहरणावरून ध्यानांत येते. येणें फिटण्याची वेळ आली, तेव्हां तिनेंच तें घेतलें नाहीं. मला तो स्वाभिमान वाटला. आज वाटतें, तिला पाटल्यांहून तें येणेंच प्रिय झालें होतें. धनकोचें आसन उंच असतें. त्यावर बसण्याची एकदां संवय झाली कीं खालीं उतरणें जिवावर येतें.

'झालें गेलें विसरून जा,' हा उपदेश आपण दुसऱ्यास फार सहज करतों. त्याचा उपयोग होत नाहीं, याचें कारण आपल्याकडील जुन्या गोष्टींत आहे. वैद्यबुवांनीं पुडी दिली आणि बजाविलें, 'औषध घेतांना माकड तेवढें मनांत आणूं नका.' बिचाऱ्या रोग्याला त्या दिवसापासून माकडावांचून दुसरें कांहीं दिसेना! १९८७ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनीं हीच गोष्ट प्रयोगानें दाखविली. कांहीं विद्यार्थ्यांना त्यांनीं सांगितलें, पांच मिनिटें पांढऱ्या अस्वलाचा विचार करूं नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी पुनः पुन्हां वाजत राहिली. एवढेंच नव्हे, तर पुढें अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक मिळाल्यावर, आधीं तो दाबून धरणाऱ्यांच्या मनांत तो इतरांहून अधिक येऊं लागला. आज्ञा करून कांहींही विसरतां येत नाहीं. उलट तें अधिक घट्ट बसतें.

आणि नुसतें उगाळीत बसावें, तर त्याची किंमत शरीर देतें. मिशिगन प्रांतांतील होप कॉलेजांत शार्लट विटव्हलिएट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेला एक प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं ७१ विद्यार्थ्यांना, ज्यानें आपणांस दुखविलें त्या माणसाचें स्मरण करावयास सांगितलें. कधीं झालेली दुखापत पुन्हां घोळवून, तर कधीं त्याच माणसाकडे क्षमेच्या दृष्टीनें पाहून. दुखापत घोळवितांना त्यांच्या हृदयाचे ठोके व रक्तदाब अधिक वाढले. ज्याच्यावर राग होता, तो त्या खोलींत नव्हता. राग धरणाऱ्याचेंच रक्त तापत होतें.

मग विसरतां येत नाहीं आणि घोळवूंही नये, तर माणसानें करावें काय? मला वाटतें, याचें उत्तर आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतें, जरी त्यांनीं तें कधीं उत्तर म्हणून सांगितलें नाहीं. पहाटे घर निजलेलें असतांना त्या जात्यावर बसत. सासूचा जाच, माहेरची ओढ, गेलेलें मूल, जें दिवसा उंबऱ्याबाहेर काढतां येत नसे, तें त्या ओवींत घालीत. ऐकणारें कोणी नसे; असलीच तर समोर खुंट्याला हात लावणारी जाऊ किंवा शेजारीण, आणि तिचेंही दुःख तेंच. हेमा राइरकर व गी प्वातवां यांनीं खेडोपाडीं हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, म्हणून तो ठेवा राहिला. त्यांतील बाई आपलें दुःख लपवीत नाहीं. परंतु पायली संपली कीं ओवीही थांबे. पीठ भरून ती उठे आणि चुलीकडे वळे. दुःखाला शब्द होते, ताल होता, आणि रोजची एक सीमा होती. गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वांचले, हें फारच चांगलें झालें. परंतु मन रितें करण्याची एक जागा त्याबरोबर गेली, आणि तिच्याऐवजीं दुसरी आपण घरांत केली नाहीं.

ज्यांच्या हातीं लेखणी आली, त्यांनीं निराळी वाट धरली. रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. १८७३ सालीं, अकराव्या वर्षीं, त्या रानड्यांच्या घरांत आल्या. माधवरावांनीं त्यांस स्वतः शिकविण्यास आरंभ केला, आणि या शिकण्यापायीं घरांतील वडीलधाऱ्या बायकांकडून त्यांना पुष्कळ सोसावें लागलें. रमाबाईंनीं तें झांकून ठेविलें नाहीं. घडलें तसें लिहिलें आहे. परंतु वाचतांना असें कोठेंही वाटत नाहीं कीं ही बाई आपली बाकी मागते आहे. १९०९ मध्यें पुण्यांत सेवासदन निघालें, आणि त्याचा भार त्यांनीं अखेरपर्यंत वाहिला. घरांत ज्या विद्येसाठीं त्यांना बोलणीं खावीं लागलीं, तीच विद्या प्रौढ बायकांना, विधवांना मिळावी म्हणून त्या झटल्या. येणें असेंही वळवितां येतें.

आपण सर्वच कांहीं रमाबाई नव्हे. तथापि साध्या माणसानें साध्या वहींत लिहिलें तरी गुण येतो, असें दिसून आलें आहे. १९८६ सालीं जेम्स पेनबेकर व सँड्रा बील यांनीं अमेरिकेंतील कांहीं विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटें, आयुष्यांतील अत्यंत दुःखद प्रसंगाविषयीं लिहावयास सांगितलें. काय घडलें आणि त्या वेळीं मनास काय वाटलें, हीं दोन्ही ज्यांनीं लिहिलीं, त्यांना लिहून झाल्याबरोबर बरें वाटलें नाहीं. उलट ते अधिक खिन्न झाले. परंतु पुढील महिन्यांत आजारपणासाठीं दवाखान्याची पायरी त्यांना इतरांहून कमी वेळां चढावी लागली. त्यानंतर असे प्रयोग पुष्कळ झाले. गुण सर्वांस येतो असें नाहीं, आणि येतो तोही माफक असतो. पण वहीला आणि पेन्सिलीला खर्च तो किती!

हा उपाय मीं स्वतः करून पाहिला, म्हणूनच तो येथें सांगण्याचें धाडस करतें. आईच्या पश्चात् मला उमगलें कीं माझीही एक वही आहे. येणें धाकट्या भावाकडे होतें. अकरा वर्षांपूर्वीं आमचे वडील त्याच्या घरीं, नाशकास वारले. पंधरा दिवस ते अंथरुणावर होते. मला पुण्यास कळविलें तें शेवटच्या दिवशीं. मी पोंचलें तेव्हां अंगणांत माणसें जमलीं होतीं. भावाकडे जाणें-येणें पुढेंही चालूच होतें. सणवार, भाऊबीज, कांहीं चुकलें नाहीं. मीही कधीं एका शब्दानें बोललें नाहीं. हें वाक्य एके दिवशीं माझ्याच तोंडून निघालें, आणि मला आईचा आवाज ऐकूं आला.

चार रात्रीं मी लिहावयास बसलें. पहिल्या दिवशीं फक्त राग उतरला. दुसऱ्या दिवशीं रडूं आलें, आणि हा उद्योग बंद करावा असें वाटलें. तिसऱ्या दिवशीं लिहितां लिहितां हात थांबला. वडील आजारी पडण्यापूर्वीं महिनाभर मींच भावाला फोनवर सांगितलें होतें, 'मुलीची बारावीची परीक्षा आहे. बारीकसारीक गोष्टींसाठीं मला फोन करूं नकोस.' अकरा वर्षें मीं फक्त नांवेंची बाजू वाचली होती. जमेच्या बाजूला ही रक्कम पडून होती, आणि ती माझ्याच अक्षरांत होती. चौथ्या दिवशीं अर्धेंच पान झालें. वही मीं कोणास दाखविली नाहीं. ती बंबांत घातली.

गेल्या वर्षीं संक्रांतीला नाशकास गेलें. तिळगूळ देऊन झाला, वहिनी चहा टाकावयास आंत गेली, तेव्हां भावाला म्हटलें, 'बाबांचे शेवटचे पंधरा दिवस कसे गेले तें मला सांग. मीं कधीं विचारलें नाहीं.' तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'ताई, तुला आधीं कळवावयास हवें होतें. मला वाटलें, यांतूनही उठतील. चुकलें माझें.' मी म्हटलें, 'मींच फोन करूं नकोस म्हणालें होतें, तेंही खरें.' आणि मग दोन तास तो सांगत होता. बाबांना रोज सकाळीं खिडकी उघडी लागे. एके दिवशीं त्यांनीं आमसुलाचें सार मागितलें. वहिनीनें केलें, आणि दोन चमचे घेऊन 'झकास' म्हणाले. मुलीचा गणिताचा पेपर कोणत्या वारीं आहे, हें त्यांनीं दोनदां विचारलें होतें. हें सगळें अकरा वर्षें त्या घरांत माझ्यासाठीं ठेवलेलें होतें. बाबांचे शेवटचे दिवस हिरावले म्हणून मी हिशेब धरून बसलें होतें, आणि त्या हिशेबानेंच मला ते इतके दिवस मिळूं दिले नव्हते.

भावाची चूक नव्हती असें नाहीं. होती, त्यानें ती पुढें ठेविली, आणि मीं ती घेतली. डबी परत सरकविली नाहीं, एवढेंच.

आतां एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर या लिहिण्याचा विपरीत अर्थ होईल. एकत्र कुटुंबांत 'मोठ्या मनानें सोडून दे' हा उपदेश नेहमीं धाकट्या सुनेलाच केला जातो, आणि पुष्कळदां तो करणारा स्वतःच अपराधी असतो. जो जाच आज चालू आहे तो जुनें येणें नव्हे. ती वाहती जखम आहे. मारहाण, उपासमार, अडकवून ठेवलेलें स्त्रीधन, यांवर वही आणि पेन्सिल हा इलाज नव्हे. त्यासाठीं २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, आणि बायकांच्या मदतीसाठीं १८१ हा दूरध्वनी आहे. तसेंच वडिलोपार्जित मिळकतींतला मुलीचा वांटा मागणें म्हणजे मनांत अढी धरणें नव्हे. हक्क मागूनही मन मोकळें ठेवतां येतें. आणि झोंप, अन्न, कामांतलें मन हीं दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलीं असतील, तर तें वहीवर न सोडतां डॉक्टरांस सांगावें. सरकारची 'टेली मानस' ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. तेथें मराठींतही बोलतां येतें. यांत कमीपणा कांहींच नाहीं. दांत दुखला तर आपण उपदेश ऐकत बसत नाहीं, दवाखाना गांठतों.

सगळींच येणीं माझ्यासारखीं निम्मीं ठरतील असेंही नव्हे. कांहीं पुरतीं खरीं असतात, आणि ऋणको कबूल न होतांच जगांतून निघून गेलेला असतो. तें येणें कोणाकडूनच वसूल व्हावयाचें नाहीं. अशा वेळीं हिशेब एकदां नीट, दोन्ही बाजूंनीं मांडावा, खालीं रेघ ओढावी, आणि वही मिटावी. रक्कम खोटी होती म्हणून नव्हे. आपलें पुढचें दुकान चालावें म्हणून.

घरांतल्या वडील मंडळींना माझी एक विनंती आहे. तिळगूळ हातावर ठेवतांना 'गोड बोला' म्हणण्याच्या आधीं, एखाद्या माणसाला 'तुझें माझ्याकडे कांहीं राहिलें आहे का?' एवढें विचारून पाहावें. उत्तर कडू आलें तरी ऐकून घ्यावें. आणि ज्यांच्यापुढें कोणी उशिरानें कां होईना डबी ठेवील, त्यांनीं ती उघडून पाहावी, आणि ठेवून घ्यावी. काकांनीं आणलेल्या पाटल्या आज काकूंच्या नातसुनेच्या हातांत आहेत. परवां एका कार्यांत मीं त्या पाहिल्या. फार सुबक आहेत. आईच्या हातांत शोभल्या असत्या.